मोघम मागू नये

१२ जून २००५

तिर्झा,

पाकिटावरचं तिकीट पाहून तुला कळलंच असेल की मी कुठून लिहिते आहे. ते कळल्यावर तू पाकीट फोडशील की तसंच केराच्या डब्यात टाकशील, याचा मला अंदाज नाही. टाकलंस तरी माझी तक्रार नाही. पत्ता मावशीनं दिला, तिच्यावर रागावू नकोस.

मी तुझ्या देशातून लिहिते आहे. ‘तुझ्या’ हा शब्द मी आधी खोडला होता, कारण तो लिहायचा हक्क मला आहे का, ते ठरत नव्हतं. मग वाटलं, ‘ग्वातेमालातून’ एवढंच लिहिणं म्हणजे तुझा या जागेशी काही संबंधच नाही असं दाखवणं. ते आपल्या घरानं पुरेसं केलं आहे.

काल आम्ही पोचलो. गॅरेट, मी आणि ब्रेन्ना. (ब्रेन्ना आता सोळा वर्षांची आहे. तुझ्यासारखीच जेवताना पुस्तक वाचते.) आपल्या चर्चची मंडळी दर उन्हाळ्यात एकामागून एक कुटुंबं या अनाथाश्रमात सेवेला पाठवते, या वेळी आमची पाळी. डोंगरात, मक्याच्या शेतांमध्ये सिमेंटची एक लांबट इमारत, पुढे अंगण, निळं फाटक. मका आपल्या आयोवासारखाच, फक्त इथे तो इतक्या उभ्या चढावर लावतात की पेरणारा घसरून पडत कसा नाही याचं नवल वाटतं. मुलांनी आमच्यासाठी आमच्या भाषेत गाणी म्हटली. ब्रेन्ना रडली. मी रडले नाही आणि त्याची मला लाज वाटली.

आश्रम चालवणारे अब्दियासभाऊ पन्नाशीचे, हसतमुख, इस्त्रीच्या शर्टातले. आमची भाषा आमच्यापेक्षा स्वच्छ बोलतात. मला ‘ताई’ म्हणतात. हा शब्द इतकी वर्षं फक्त तू वापरलास, म्हणून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी मागे वळून पाहिलं.

जेवणानंतर सगळे अंगणात हात धरून गोल उभे राहतात आणि प्रार्थना होते. आम्ही मोठ्यानं प्रार्थना करायची, अब्दियासभाऊ एकेक वाक्य थांबवून स्वयंपाकघरातल्या बायकांसाठी त्यांच्या भाषेत सांगतात. आपले म्हातारे पास्टर तुला आठवतात? “देवाकडे मोघम मागू नये. मोघम मागितलं की मोघम मिळतं.” आणि तू जेवणाच्या टेबलावर त्यांची नक्कल करायचीस, नाकातून: “प्रभू, मला सायकल दे. लाल दे. घंटीसकट दे. आणि लोइसताईला देऊ नकोस.” बाबांना हसताना ठसका लागायचा. गंमत म्हणजे आमची मंडळी अजून तशीच प्रार्थना करते. रंगासकट, घंटीसकट.

काल ब्रेन्नानं मागितलं, “प्रभू, मला मांडीवर घ्यायला एक बाळ दे. अगदी लहान, गुबगुबीत.” आश्रमात तान्हं मूल एकही नाही. गॅरेट हळूच मला म्हणाला, “हिला दुकानातून मागवल्यासारखं वाटतंय.” मी त्याला कोपरानं ढोसलं.

झोपताना आई चर्चमध्ये उभी राहून सांगायची ती साक्ष आठवली. भूकंपाच्या साली, १९७६ मध्ये, आई आणि बाबा इथे पडलेल्या घरांवर पत्रे घालायला आले होते, मला मावशीकडे ठेवून. अशाच गोलात उभं राहून आईनं एक लेक मागितली, आणि सकाळी तू फाटकाशी होतीस, घोंगडीत गुंडाळलेली, जगात कोणी नसलेली. “आणि आम्ही ट्रकमध्ये बसलो,” आई सांगायची, “तेव्हा या पोरीनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.” इथे ती थांबायची. सगळं चर्च आमेन म्हणायचं. तू आमचीच होतीस, याची ती खूण.

तू शेवटची घरी जेवलीस त्या दिवशी तू विचारलंस, “आई, त्या संध्याकाळी आणखी कुणी प्रार्थना करत होतं का? मी जाऊ नये म्हणून?” आई उठली आणि आत जाऊन भोपळ्याचा केक घेऊन आली. आम्ही तो खाल्ला.

लोइस


१४ जून

तिर्झा,

बाळ आलं.

काल सकाळी आम्ही अंगणात आलो तर अब्दियासभाऊ उभे, हातात दुपट्यात गुंडाळलेली मुलगी, पाच-सहा महिन्यांची, गुबगुबीत. कुणी तरी पहाटे फाटकाशी सोडून गेलं म्हणाले. “ताई, आपण चूळ भरायच्या आधी देव कामाला लागलेला असतो.” ब्रेन्ना गुडघ्यांवर बसली. गॅरेटनं चष्मा पुसला. मीही आमेन म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. हे नोंदवून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की मला पहिल्यापासूनच शंका होती. नव्हती.

मग ब्रेन्ना बाटलीनं दूध पाजायला बसली. बाळ बाटलीला तोंड लावेना. चूल, धूर आणि दूध यांचा ताजा वास होता त्याच्या अंगाला. टाकून दिलेल्या मुलाच्या अंगाला असा वास येत असेल का, मला माहीत नाही. मनगटावर लाल दोरा होता, त्यात एक लाल बी ओवलेली. दृष्ट लागू नये म्हणून बांधतात. गाठ नवी होती, दोऱ्याची टोकं अजून विरलीही नव्हती.

मी गॅरेटला म्हटलं, “टाकून द्यायच्या मुलाला कुणी दृष्टीचा दोरा बांधेल का?”

“का नाही? टाकतानाही आई आईच असते.”

“आणि भूक कशी नाही त्याला?”

“लोइस, तुझी डायरी बायबलपेक्षा जाड झाली आहे. एक दिवस नुसता आनंद करून बघ.”

त्याचं बरोबरही असेल. माझा हा दोष जुना आहे. मला मिळालेली वस्तू मी उलटीपालटी करून शिवण तपासते.

आज बाळाच्या हाताला दोरा नव्हता.

संध्याकाळी गोलात मीही काहीतरी मागितलं. महत्त्वाचं नाही.

लोइस


१७ जून

तिर्झा,

महत्त्वाचं आहे. त्या ओळीवर मी तीन रेघा मारायला हव्या होत्या.

तुझी खोली अजून पिवळीच आहे. आई गेल्यावर आम्ही त्या घरात राहायला आलो आणि तिथे पाळणा ठेवला. एकदा नाही. ब्रेन्नानंतर मला दिवस गेले, ते राहिले नाहीत, परत गेले, परत राहिले नाहीत. तुला कुणी कळवलं नसेल. मीही कळवलं नाही, कारण तुझ्याशी बोलणं सोडलं होतं ते आईकरता, आणि आई गेल्यावर पुन्हा सुरू कसं करायचं ते सुचलं नाही.

त्या संध्याकाळी माझी पाळी आली. माझ्या तोंडून निघालं, “प्रभू, आम्हाला एक मुलगी दे. चार वर्षांची. जिला जगात कोणी नाही अशी. आणि ती आपण होऊन माझ्या मांडीवर येऊन बसू दे, म्हणजे मला कळेल.” अब्दियासभाऊंनी प्रत्येक वाक्य सांगितलं. ‘जिला जगात कोणी नाही’ याच्याशी ते क्षणभर थांबले, नेमका शब्द शोधत असावेत. मग सांगितलं. बायका आमेन म्हणाल्या, एक सोडून. ती खाली बघत होती. तिच्या पोलक्याच्या छातीवर दोन ओले डाग होते. मला वाटलं, भांडी घासताना पाणी उडालं असेल.

काल दुपारी ती आली. एस्तेर. आईविना, बापविना, दूरच्या गावची, असं भाऊ म्हणाले. आई बाळंतपणात गेली. केस नुकतेच कापलेले, मानेवर कात्रीचा ओरखडा. अंगणात इतकी माणसं होती, ती सरळ माझ्याकडे चालत आली, मांडीवर चढली आणि बसली. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून. फोटो काढायला बसवल्यासारखी. मग आमच्या भाषेत म्हणाली, “मम्मी.”

गॅरेट हुंदके देऊन रडला. त्याला मी इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं. भाऊ म्हणाले राजधानीत वकील आहे, कागद होतात, देवानं दार उघडलं की माणसानं उंबऱ्यावर थांबू नये.

मी तिला धरलं. तिर्झा, तुला खोटं सांगणार नाही. मला सुख झालं. हाताखाली तिचं लहानसं हृदय धडधडत होतं, किती जोरात, हे मला कळत होतं, आणि मी तिला घट्ट धरलं.

लोइस


२० जून

तिर्झा,

फाटकाबाहेर एक बाई उभी असते. शनिवारपासून. हिरव्या पट्ट्यांचं लुगडं कमरेला गुंडाळलेलं, अनवाणी. काही विकत नाही, काही मागत नाही, हाक मारत नाही. ऊन चढलं की भिंतीच्या सावलीत सरकते, सावली हलली की परत फाटकाशी.

भाऊंना विचारलं. “वेडी आहे बिचारी. भूकंपात डोकं फिरलं.” मी मनात हिशेब केला. भूकंपाच्या वेळी ही बाई जन्मलीही नसेल.

पण मला ज्याची भीती वाटते ते हे नाही. मुलं खेळतात तेव्हा सगळी मधूनमधून फाटकाकडे बघतात. चेंडू तिकडे गेला की कोणीतरी तिच्याकडे पाहून हसतं. एकटी एस्तेर बघत नाही. चेंडू फाटकाशी गेला तर ती अर्ध्यातच थांबते. मी तिला कडेवर घेऊन मुद्दाम तिकडे वळले, तर तिनं मान फिरवून तोंड माझ्या खांद्यात खुपसलं आणि डोळे मिटले. इतक्या जोरात की पापण्या थरथरत होत्या.

ज्या दिशेला आपलं कोणीच नाही, तिकडे न बघण्यासाठी इतकी ताकद कशाला लागेल?

मी गॅरेटला सांगितलं. तो पत्र्यावर चढून पन्हळ दुरुस्त करत होता, खाली न बघताच म्हणाला, “तुला घाबरायला झालंय. इतक्या वेळा हातातून गेलं, आता मिळतंय तर हात पुढे होत नाही. मला कळतं ते.”

“तसं नाही, गॅरेट.”

“मग सरळ देवाला विचार ना. रोज सगळं माझ्या डोक्यावर का आदळतेस?”

शिडीखाली उभी असताना मला सुचलं ते बरोबर होतं की नाही, हे मी अजून तपासते आहे. प्रार्थनेचा असा वापर करू नये. पण मी काल केला. गोलात उभं राहून म्हणाले, “प्रभू, एस्तेरची आई वारली असं आम्हाला सांगितलं आहे. तू मेलेल्यांना उठवतोस. तिला उठव. उद्या न्याहारीच्या वेळी ती या अंगणात, फाटकाच्या आत, हिरव्या पट्ट्यांच्या लुगड्यात आमच्यासमोर उभी राहू दे.”

भाऊंनी भाषांतर केलं नाही. माझ्याकडे बघत राहिले. मग हसले आणि म्हणाले, “आमेन, ताई. फार मोठी श्रद्धा आहे तुमची.”

हे मी सकाळी लिहिते आहे. अंगणात न्याहारीची भांडी वाजताहेत. ब्रेन्ना बोलवायला आली आहे. तिचा चेहरा

नंतर:

अंगणात बाई उभी होती. हिरव्या पट्ट्यांचं लुगडं, नवं कोरं, घडीच्या खुणा तशाच. पायात चपला. केसांना तेल. तिर्झा, ती दुसरी बाई होती.

भाऊ म्हणाले, चूक झाली, आई आजारी होती, लोकांनी वारली म्हणून सांगितलं, प्रभूनं उठवली. ती बाई रडली, चांगली रडली, आणि भाऊंमार्फत म्हणाली की मी माझी लेक तुमच्या पदरात घालते. गॅरेट तिच्यापुढे वाकला. मला म्हणाला, “बघ. शब्द न् शब्द. तू मागितलंस तसं.”

एस्तेर माझ्या मांडीवर होती, तळवे गुडघ्यांवर. अनोळखी माणसाकडे मूल बघतं तसं तिनं त्या बाईकडे पाहिलं आणि मग पोळीचा तुकडा तोडला.

मी फाटकाकडे पाहिलं. बाहेर कोणी नव्हतं.

ब्रेन्ना माझ्या कानाशी म्हणाली, “आई, पाया पडते तुझ्या. आता आणखी काही मागू नकोस.”

लोइस


२२ जून

तिर्झा,

घाईत लिहिते. अक्षर लागलं नाही तर माफ कर.

काल भाऊ गॅरेटला घेऊन वकिलाकडे गेले. दुपारी मी एस्तेरचा हात धरला आणि फाटकाची कडी काढली. कोणी अडवलं नाही. इतक्या दिवसांत ती कडी काढून बघायचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, कारण बंद फाटकाच्या आतली मी आहे असं मला वाटलंच नव्हतं. ब्रेन्ना माझ्यासोबत आली होती.

रस्त्यावर आल्यावर मी तिचा हात सोडला. ती जमिनीकडे बघत उभी राहिली, पुढच्या हुकमाची वाट बघत. मी म्हटलं, घरी जा. तिला माझी भाषा कळत नाही. हातानं दाखवलं. ती माझा चेहरा निरखत राहिली, कुठे फसवणूक आहे ते शोधत. शेवटी मी तिच्याकडे पाठ फिरवली. ब्रेन्नालाही फिरवायला लावली. रस्त्याच्या कडेला आम्ही दोघी मक्याकडे तोंड करून उभ्या राहिलो, शिक्षा झालेल्या मुलींसारख्या. काही वेळानं मागे पावलं वाजली. आधी चालणारी, मग पळणारी.

आम्ही लांबून मागोमाग गेलो. पायवाट वर चढत जाते. मक्यात एक मातीचं घर, खांबाला बांधलेला माग, त्यावर अर्धवट विणलेलं कापड. ती बाई तिथे होती, तीच, अनवाणी. तिनं मुलीला मिठी मारली नाही. आधी तिला पाठीशी घातलं आणि मग माझ्या हातांकडे पाहिलं. माझ्या हातात काय आहे ते. काही नव्हतं. मग ती आत गेली, लाल दोरा घेऊन आली आणि मुलीच्या मनगटाला बांधू लागली. गाठ बसेना. “शेपा,” म्हणाली, “शेपा, शेपा.” हे एस्तेरचं खरं नाव. ती माझ्या मांडीवर बसली होती तेव्हा मी तिला एकदाही नाव विचारलं नव्हतं, कारण मला ते सांगितलेलं होतं.

शेजारची एक म्हातारी स्पॅनिश बोलणारी निघाली. ब्रेन्नाची शाळेतली स्पॅनिश तुटकी, पण पुरली. पाहुणे येतात तेव्हा आश्रम गावातून मुलं नेतो, शाळा, जेवण, नवे कपडे. पाहुणे गेले की मुलं परत येतात. सगळ्यांना माहीत आहे. “एखादं परत येत नाही,” म्हातारी म्हणाली. “कधी येणार नाही ते आधी कळत नाही.” आणि ब्रेन्नाला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “बरी दिसतेस. तुला कुठून आणलं?”

ब्रेन्नानं मला या वाक्याचा अर्थ संध्याकाळी सांगितला.

भाऊ परत आले, सगळं कळलं. ओरडले नाहीत. अंगणात दोन खुर्च्या मांडल्या, मला बसायला सांगितलं.

“ताई, मी तुमच्याशी कधी खोटं बोललो?”

“तिची आई मेली म्हणालात.”

“‘जिला जगात कोणी नाही.’ हे कुणाचे शब्द? मी फक्त भाषांतर करतो.” त्यांनी बाहीवरचा धुरळा झटकला. “तुम्ही लोक इतकं नेमकं मागता. दुसऱ्या देशातले येतात, म्हणतात देवा, यांचं भलं कर. त्यांचं मी काय करू? तुम्ही वय सांगता. आई नको म्हणून सांगता. मग आई असली तर तुम्हालाच त्रास होतो.”

“शेपाला परत आणू नका.”

“मी? मी कधी कुणाला आणलं, ताई? मी ऐकतो.” आणि उठताना, अगदी सहज, “शनिवारी पुढचं कुटुंब येतंय. टेक्सासचं. चांगली माणसं आहेत. त्यांनी फोनवरच प्रार्थना केली माझ्याबरोबर. त्यांनाही मुलगी हवी आहे.”

गॅरेट माझ्याशी बोलत नाही. मी त्याला सगळं सांगितलं, तो पलंगाच्या काठावर बसून होता. शेवटी एकच म्हणाला, “तिला तिथे काय मिळणार आहे, लोइस? मातीचं घर. तू तिच्याकडून काय काढून घेतलंस, कळतंय तुला?”  आईनं तुझ्याबद्दल हेच वाक्य म्हटलं होतं, याच सुरात.

आज सकाळी ब्रेन्ना बाळाला घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि त्या ओल्या पोलक्याच्या बाईच्या मांडीवर ठेवून दार ओढून बाहेर येऊन उभी राहिली. दारापाशी तिनं कुणाला येऊ दिलं नाही.

आम्ही निघालो. गाडी त्या पायवाटेखालून गेली. घराचं दार बंद होतं आणि खांबाला माग नव्हता. ती शेपाला घेऊन कुठे तरी निघून गेली असावी, असं मी मानते. शनिवारच्या आधी. दुसरंही काही असू शकतं. गाडी मागे फिरवायला मी सांगितलं नाही.

लोइस


३ जुलै, घरून

तिर्झा,

आज चर्चमध्ये आमची साक्ष होती. मी उठून उभी राहिले आणि जे झालं ते सांगितलं. आमेन कोणी म्हटलं नाही. नंतर कॉफीच्या टेबलाशी पास्टर माझा हात हातात घेऊन म्हणाले, सैतान सेवेवरच घाला घालतो, तुम्ही थकला आहात. टेक्सासच्या कुटुंबाबद्दल विचारलं तर म्हणाले, चौकशी करू. मी एका वकिलाला आणि तिथल्या एका संस्थेला लिहिलं आहे. उत्तर नाही. पुन्हा लिहीन.

पण हे पत्र त्यासाठी नाही. दुपारी मी बाबांकडे गेले होते. ते आता तळ्याजवळच्या वृद्धाश्रमात असतात. पाय गेले आहेत, डोकं शाबूत आहे. मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली.

“बाबा, त्या संध्याकाळी आईनं काय मागितलं होतं? तिचे शब्द सांगा.”

“तुला पाठ आहे की.”

“साक्षीतलं नको. खरे शब्द.”

ते हसले. “मुलगी. तीनेक वर्षांची, लंगोट सुटलेली. तुझ्या आईला लंगोटांचा कंटाळा. आणि जगात जिला कोणी नाही अशी.” बोट वर केलं. “मोघम मागू नये.”

“गोलात आणखी कोण होतं?”

“तिथला एक मास्तर. तो भाषांतर करायचा.”

 मग विचारलं, “ट्रक कोण चालवत होतं?”

“मी. दुसरं कोण?”

“तिर्झानं मागे वळून पाहिलं नाही.”

“नाही पाहिलं. मध्ये बसली होती, डोळे घट्ट मिटून. तुझ्या आईला वाटलं, झोपली.”

“आणि तुम्ही?”

त्यांनी पांघरुणाची कड सरळ केली. परत सरळ केली.

“चालवताना आरशात बघावंच लागतं, लोइस.”

 मला भीती होती की मी एक शब्द बोलले तर ते थांबतील.

“वळणापर्यंत होती. पळत होती. हात वर करून. मला वाटलं, निरोप देते आहे. मग ती पडली आणि उठली आणि परत पळायला लागली, तेव्हा निरोप नाही हे कळलं.” त्यांचा आवाज अजिबात बदलला नव्हता, जुन्या ट्रकबद्दल सांगावं तसं सांगत होते. “मग रस्ता वळला.”

“आईला सांगितलंत?”

“तुझी आई गात होती.”

तिर्झा, तू मागे पाहिलं नाहीस, कारण मागे कोणी तरी होतं. मी तशी एक मुलगी माझ्या खांद्यावर धरली होती, म्हणून मला हे ठाऊक आहे. ती आमची असल्याची खूण नव्हती.

तू वर्षानुवर्षं विचारायचीस आणि आई म्हणायची, भूकंपात गाव नकाशावरून पुसलं गेलं, नाव राहिलं नाही. बाबांना नाव माहीत आहे. मी विचारलं आणि त्यांनी लगेच सांगितलं, जणू इतकी वर्षं कुणी विचारायचीच वाट बघत होते. पाशालोख. नदीवरचा दगडी पूल ओलांडला की डावीकडे वर. मनोरा पडलेलं पांढरं चर्च. त्यापुढे ते वळण. त्या वेळी ती पळणारी बाई तरुण होती, बाबा म्हणाले, विशी-पंचविशीची असेल. म्हणजे आज ती साठीचीही नसेल.

हे तुझं आहे, म्हणून पाठवते. तू जावंस असं मी म्हणत नाही. मला बरोबर न्यावंस असंही नाही. पत्राचं उत्तर नको. पत्राच्या शेवटी हात जोडायची सवय आहे, आज ते मांडीवर ठेवले आहेत, उघडे.

मी काहीही मागत नाही.

लोइस